पेशींचा गोळा आणि औषधाची वाट

‘नॅनोकणांनी कर्करोगाच्या पेशी नष्ट केल्या’ अशा अर्थाची बातमी वर्षातून दोन-चार वेळा तरी आपल्या वाचनात येते. बातमी बहुधा खोटी नसते. कुठल्याशा प्रयोगशाळेत, बशीत वाढवलेल्या पेशींवर ते औषध टाकलेले असते आणि त्या पेशी खरोखरच मेलेल्या असतात. तरीही अशी बहुतेक औषधे पुढे रुग्णापर्यंत पोचत नाहीत. मधल्या वाटेवर असे काय घडते, याचा शोध घेताना गेली काही वर्षे मी एका चिमुकल्या वस्तूविषयी मिळेल ते वाचत आलो आहे. ही वस्तू म्हणजे प्रयोगशाळेत वाढवलेला, खसखशीच्या दाण्याहूनही लहान असा जिवंत पेशींचा गोळा. शास्त्रज्ञ त्याला ‘स्फेरॉइड’ म्हणतात. या लेखापुरते मी त्याला पेशीगोल म्हणणार आहे.

मी विद्यापीठातला माणूस नाही. जीवशास्त्र मी शिकलो ते मालवणच्या किनाऱ्यावर, पुस्तके आणि शोधनिबंध वाचून, आणि जिथे दार उघडले तिथे प्रयोगशाळेत उभा राहून, बघून. त्यामुळे अडाण्याला पडतात तसे प्रश्न मलाही पडत गेले. त्यांची उत्तरे जशी सापडली, त्याच क्रमाने ती इथे मांडतो.

सपाट बशीतली अडचण

प्लॅस्टिकच्या बशीत पेशी वाढवल्या की त्या तळाला चिकटतात आणि शेणाने सारवलेल्या जमिनीसारखा एकच पातळ थर तयार होतो. वर पोषकद्रव असतो. या थरातल्या प्रत्येक पेशीला अन्न सारखे मिळते, प्राणवायू सारखा मिळतो आणि वरून औषध ओतले तर तेही सारखेच मिळते. कोणीही कोणाच्या मागे लपलेले नसते.

शरीरातली गाठ अशी नसते. तिथे पेशी एकमेकींना खेटून, थरावर थर रचून बसलेल्या असतात. आंगणेवाडीच्या जत्रेत भर दुपारी रांगेत उभे राहिलेल्यांना हे वेगळे सांगायला नको. कडेच्या माणसाला वारा लागतो, सरबतवाला त्याच्यापर्यंत येतो. मधल्याला ना वारा, ना सरबत.

हीच गोष्ट मोजून दाखवली ती १९५५ साली इंग्लंडमध्ये थॉमलिन्सन आणि ग्रे या दोघांनी. फुप्फुसाच्या कर्करोगाच्या गाठींचे पातळ काप सूक्ष्मदर्शकाखाली पाहताना त्यांच्या लक्षात आले की, रक्तवाहिन्यांच्या बाजूला पेशींची जिवंत किनार असते आणि साधारण १८० मायक्रॉनच्या पलीकडे मेलेल्या पेशींचा भाग सुरू होतो. एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. जिवंत पेशींतून झिरपत जाणारा प्राणवायू साधारण तेवढ्याच अंतरावर संपतो, हे त्यांनी गणिताने दाखवले. म्हणजे रक्तवाहिनीपासून मिलिमीटरच्या पाचव्या भागाइतके दूर राहणे हे पेशीच्या दृष्टीने उपासमारीचे अंतर आहे.

या उपासमारीचा एक विपरीत परिणाम होतो. प्राणवायू कमी मिळणाऱ्या पेशी मारण्यासाठी किरणोपचाराची मात्रा अडीच ते तीनपट लागते. शिवाय त्या विभाजन थांबवून स्वस्थ बसतात, आणि केमोथेरपीची बरीच औषधे तर विभाजन होत असलेल्या पेशींनाच गाठतात. बाहेरच्या पेशी मेल्या की आतल्या उपाशी पेशींना पुन्हा प्राणवायू मिळू लागतो आणि त्या वाढीला लागतात. सपाट बशीत यातले काहीच दिसत नाही.

स्पंज आणि रेशमी कापड

पेशींचे गोळे करण्याची कल्पना मात्र कर्करोगाच्या अभ्यासातून आलेली नाही. ती समुद्रातून आली, आणि म्हणूनच ती मला जवळची वाटते. मालवणचा किनारा १९८७ साली सागरी अभयारण्य म्हणून घोषित झाला. इथल्या खडपांवर मोठ्या ओहोटीला, म्हणजे आमच्या भाषेत सुकतीला, खडकाच्या खोबणीत नारिंगी, पिवळे, काळपट स्पंज चिकटलेले दिसतात. बघणाऱ्याला ते शेवाळ वाटते, पण तो प्राणी आहे.

१९०७ साली अमेरिकेतले प्राणिशास्त्रज्ञ हेन्री व्हॅन पीटर्स विल्सन यांनी असाच एक स्पंज तलम रेशमी कापडातून पिळून काढला. वस्त्रगाळ चूर्ण करावे तशा त्याच्या पेशी सुट्या होऊन समुद्राच्या पाण्यात पडल्या. त्या मेल्या नाहीत. सरपटत एकमेकींजवळ आल्या, त्यांचे पुंजके झाले आणि त्या पुंजक्यांतून पुन्हा स्पंज उभा राहिला. सुट्या पेशींना एकत्र येण्याची ओढ असते, हे त्या प्रयोगाने दिसले. पुढे १९५० च्या दशकात ॲरन मोस्कोना यांनी भ्रूणाच्या पेशी सुट्या करून हेच दाखवले, आणि १९७०-७१ च्या सुमारास कॅनडात रॉबर्ट सदरलंड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हॅमस्टर या उंदरासारख्या प्राण्याच्या पेशी सतत ढवळत्या पोषकद्रवात वाढवून त्यांचे गोळे केले.

सदरलंड यांनी गोळा कापून पाहिला तेव्हा आत तीन कड्या आढळल्या. बाहेर भराभर वाढणाऱ्या पेशी, त्यांच्या आत जिवंत पण सुस्त पेशी आणि मधोमध मेलेला गाभा. थॉमलिन्सन आणि ग्रे यांनी माणसाच्या गाठीत पाहिलेले चित्र बशीत आपोआप उमटले होते. आजच्या पेशीगोलांच्या अभ्यासाचा पाया तो आहे.

जाता जाता एक नोंद. स्पंजाने कर्करोगाच्या उपचाराला कल्पनाच दिली असे नाही, औषधही दिले. १९५० च्या दशकात कॅरिबियन समुद्रातल्या एका स्पंजात सापडलेल्या रसायनांच्या धाग्यावरून सायटाराबिन हे औषध तयार झाले. रक्ताच्या कर्करोगासाठी अमेरिकेत त्याला १९६९ साली मान्यता मिळाली आणि ते आजही वापरात आहे.

मुंबईतली सुरुवात

आपल्याकडे या विद्येची सुरुवात झाली ती परळला. टाटा मेमोरियल रुग्णालय १९४१ साली उघडले. तिथल्या प्रयोगशाळांची धुरा डॉ. वसंत रामजी खानोलकर यांच्याकडे होती. वेंगुर्ला तालुक्यातल्या खानोलीवरून आलेले हे आडनाव साहित्यवाचकांना चिं. त्र्यं. खानोलकरांमुळे परिचित आहे. १९५२ साली स्थापन झालेल्या भारतीय कर्करोग संशोधन केंद्राचे डॉ. खानोलकर पहिले संचालक झाले. त्यांच्या मार्गदर्शनाखाली १९४९ साली पीएच.डी. मिळवणाऱ्या पुण्याच्या कमल रणदिवे, माहेरच्या समर्थ, यांनी या केंद्रात देशातली पहिली ऊतिसंवर्धन प्रयोगशाळा उभी केली. ऊतिसंवर्धन म्हणजे शरीराबाहेर पेशी जिवंत ठेवणे आणि वाढवणे.

रणदिवे यांची एम.एस्सी. झाली होती सीताफळाच्या कुळातील वनस्पतींच्या पेशींवर. तिथून त्या कर्करोगाकडे वळल्या आणि अमेरिकेत बाल्टिमोरला जॉर्ज गाय यांच्या प्रयोगशाळेत शिकल्या. हेन्रिएटा लॅक्स या कृष्णवर्णीय स्त्रीच्या गाठीतल्या पेशी, तिला न विचारता, १९५१ साली याच गाय यांनी वाढवल्या होत्या. ‘हेला’ नावाने त्या आजही जगभर वाढत आहेत. रणदिवे यांना १९८२ साली पद्मभूषण मिळाले. परळच्या त्या केंद्राचा वारसा २००२ पासून खारघरला ‘ॲक्ट्रेक’ या नावाने चालतो. पुण्याच्या राष्ट्रीय पेशीविज्ञान केंद्राकडून देशभरातल्या प्रयोगशाळांना पेशी पुरवल्या जातात. त्यामुळे पेशीगोल करायला आज परदेशाकडे बघावे लागत नाही. लागतो तो हात आणि धीर.

गोळा वाढवायचा कसा

तत्त्व साधे आहे. पेशींना चिकटायला जागा दिली नाही की त्या एकमेकींना चिकटतात. अळवाच्या पानावर पाणी पसरत नाही, थेंब होऊन राहते, तसेच हे. त्यासाठी मुख्यतः तीन रीती आहेत. पहिली टांगत्या थेंबाची. झाकणावर वीस-तीस मायक्रोलिटरचे थेंब ठेवून झाकण उलटे करायचे. पेशी थेंबाच्या टोकाशी जमतात. दुसरी, पेशी चिकटू नयेत असा लेप दिलेल्या, तयार मिळणाऱ्या महागड्या बशांची. तिसरी ॲगरोजची. ती स्वस्त आहे आणि मी जवळून पाहिली आहे.

ॲगरोज हा तांबड्या समुद्रशैवालातून काढलेल्या अगरचा शुद्ध भाग. घरी पुडिंग करताना आपण जो चायना ग्रास वापरतो, त्याचा हा सोवळ्यातला भाऊ. त्याचे एक ते दीड टक्क्याचे द्रावण उकळून, निर्जंतुक करून, शहाण्णव खाचांच्या बशीत प्रत्येक खाचेत थोडे थोडे घालतात. थिजताना ते कडेने वर चढते आणि मध्ये आपोआप वाटीसारखा खोलगटपणा येतो. मग बाटलीत वाढवलेल्या पेशी ट्रिप्सिन या पाचक द्रव्याने सोडवून घ्यायच्या, सूक्ष्मदर्शकाखाली मोजायच्या आणि प्रत्येक वाटीत सारख्या संख्येने सोडायच्या. समजा, हजार-दोन हजार. बशी यंत्रात हलकेच फिरवली की पेशी तळाला जमतात. पुढे ३७ अंश तापमान, पाच टक्के कार्बन डायऑक्साइड आणि शांतता.

पहिल्या दिवशी दिसतो तो विस्कटलेला पुंजका. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी पेशींवरची चिकटणारी प्रथिने आपले काम करतात, पुंजका आवळतो, कड गुळगुळीत होते. पोषकद्रव बदलताना तो सगळा काढायचा नाही. बशी कलती करून निम्माच काढायचा आणि तेवढाच भरायचा, नाहीतर गोळा नळीतून निघून जातो. सगळ्या पेशी सारख्या वागतही नाहीत. स्तनाच्या कर्करोगाच्या ‘एमसीएफ-७’ या पेशींचा गोळा घट्ट वळला जातो. त्याच कर्करोगाच्या ‘एमडीए-एमबी-२३१’ या पेशी मात्र पाणी कमी पडलेल्या लाडवासारख्या सुट्या सुट्या राहतात. आणि शेवटचे काम सर्वांत कंटाळवाणे, पण सर्वांत महत्त्वाचे. प्रत्येक गोळ्याचा व्यास मोजायचा आणि जे लहानमोठे किंवा वेडेवाकडे असतील ते बाजूला काढायचे. व्यासाला इतके महत्त्व का, ते पुढे येईल.

नॅनोकणांची वाट

नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग. औषध वाहून नेणारा शंभर नॅनोमीटरचा कण पेशीच्या रुंदीच्या शंभराव्या भागाएवढा असतो. औषध असे गुंडाळून दिले की ते शरीरात जास्त वेळ टिकते आणि निरोगी अवयवांना कमी इजा होते. या जातीचे पहिले कर्करोगावरचे औषध, डॉक्झिल, अमेरिकेत १९९५ साली मान्य झाले. डॉक्सोरुबिसिन हे जुने औषध त्यात चरबीच्या सूक्ष्म थैलीत भरलेले असते. त्याचा मोठा फायदा म्हणजे हृदयावरचा दुष्परिणाम कमी झाला.

पण असा कण गाठीच्या आत शिरतो का? पेशीगोलावर हे तपासता येते. सर्वसाधारणपणे लहान कण खोल जातात, मोठे बाहेरच्या दोन-चार थरांत अडकतात. धन विद्युतभाराचे कण पहिल्याच पेशीला चिकटून बसतात. पोषकद्रवातल्या प्रथिनांचे आवरण कणावर चढते आणि त्याची मूळ ओळख झाकली जाते. म्हणजे कारखान्यातून निघालेला कण आणि पेशीला भेटणारा कण एकच नसतो.

इथे पाहणाऱ्याची फसगत होण्याच्या दोन जागा आहेत. कणांना चमकणारा रंग लावून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले की गोळ्याची कड उजळ आणि मध्य काळा दिसतो. पण साधारण शंभर मायक्रॉनच्या खाली सूक्ष्मदर्शकाचा प्रकाशच विखरून मंदावतो. तो काळोख औषध न पोचल्याचा, की उजेड न पोचल्याचा? गोळ्याचे काप काढून पाहिल्याशिवाय सांगता येत नाही. दुसरी जागा याच्या उलट आहे. रंग कणातून गळून एकटाच आत जातो आणि कण बाहेर राहतो. चित्र सुंदर येते, अर्थ चुकीचा निघतो.

अर्ध्या मिलिमीटरचे गणित

आता व्यासाची गोष्ट. हे गणित शाळेतले आहे. गोलाचे घनफळ त्रिज्येच्या घनाच्या प्रमाणात असते. समजा, एखादे औषध पृष्ठभागापासून ५० मायक्रॉनपर्यंतच आत जाते आणि जिथे जाते तिथली प्रत्येक पेशी मारते. पेशीगोलाचा व्यास ५०० मायक्रॉन, म्हणजे अर्धा मिलिमीटर, असेल तर औषध न पोचलेल्या आतल्या गोलाची त्रिज्या २५० ऐवजी २०० राहते. घन करून पाहिले की जवळजवळ ५१ टक्के भाग अस्पर्श राहतो आणि ४९ टक्के मरतो.

तेच औषध २०० मायक्रॉन व्यासाच्या गोळ्यावर घातले तर? आतल्या गोलाची त्रिज्या १०० ऐवजी ५०. अस्पर्श भाग साडेबारा टक्के. म्हणजे साडेसत्याऐंशी टक्के पेशी मेल्या. सपाट थरात तर शंभर टक्के.

औषध एकच, त्याची मारकशक्ती तीच, आत जाण्याची खोली तीच. तरी निकाल तीन: शंभर, सत्त्याऐंशी आणि एकोणपन्नास. बदलला तो फक्त पेशींचा आकार-उकार. एवढ्या लहान गोळ्यात मेलेला गाभाही तयार झालेला नसतो, त्यामुळे चिवट पेशींशी औषधाची गाठच पडत नाही. म्हणून निबंधात गोळ्याचा व्यास दिलेला नसेल तर त्यातल्या टक्केवारीवरून मी काहीच निष्कर्ष काढत नाही. आणि ‘निम्म्याच पेशी मेल्या’ या निकालावरून औषध दुबळे ठरत नाही. ते कदाचित उत्तम असेल, त्याला वाट मिळाली नसेल. पहिल्या दोषावर उपाय औषध बदलणे, दुसऱ्यावर कणाचा आकार बदलणे. दोन्हींत फरक करायला सपाट बशीचा उपयोग नाही.

पेशीगोल म्हणजे माणूस नव्हे, हेही तितकेच खरे. त्यात रक्तवाहिन्या नाहीत, रोगप्रतिकारक पेशी नाहीत, यकृत नाही. टोरोंटोच्या वॉरन चॅन यांच्या गटाने २०१६ साली मागच्या दहा वर्षांतल्या प्राण्यांवरच्या प्रयोगांचा आढावा घेतला. टोचलेल्या नॅनोकणांपैकी गाठीपर्यंत पोचणाऱ्यांचे प्रमाण त्यात मध्यकाने ०.७ टक्के निघाले. बाकीचे वाटेतच, बरेचसे यकृत आणि प्लीहेत अडकतात. गोळ्यातली पन्नास मायक्रॉनची वाट ही त्या लांब प्रवासातली शेवटची पायरी आहे.

बातमी वाचताना

हा विषय आता प्रयोगशाळेपुरता राहिलेला नाही. औषधांच्या चाचणीत प्राण्यांऐवजी अशा पेशीरचना वापरण्याला अमेरिकेने डिसेंबर २०२२ मध्ये आणि भारताने मार्च २०२३ मध्ये नियम बदलून वाट करून दिली. उंदरांचा छळ कमी होणार असेल तर ते चांगलेच आहे. पण उंदराची जागा ज्या गोळ्याने घ्यायची, तो गोळा नीट वळलेला, मोजलेला आणि कापून पाहिलेला हवा.

आमच्या भागातून कर्करोगाचे रुग्ण बांबोळीला जातात, परळला जातात. प्रवास, मुक्काम, मजुरी बुडणे, सगळे सोसून जातात. त्यांच्या घरची माणसे कधीकधी वर्तमानपत्राचे कात्रण किंवा मोबाइलवरची बातमी घेऊन माझ्याकडे येतात आणि विचारतात, “ह्यां औषध आमका कधी गावतलां?” त्यांना मी गणित सांगत बसत नाही. त्यांच्यासोबत बातमी पुन्हा वाचतो आणि चार गोष्टी शोधतो. पेशी सपाट थरात होत्या की गोळ्यात? गोळा केवढा होता? औषध किती आतपर्यंत पोचले, आणि ते काप काढून पाहिले का? त्यानंतर प्राण्यांत आणि माणसांत चाचणी झाली का? बहुतेक बातम्यांत पहिल्याच प्रश्नाचे उत्तर सापडत नाही. ज्या बातमीत ते नसते, ती संशोधकांसाठी असते, रुग्णासाठी नसते.

याचा अर्थ आशा सोडावी असा नाही. आज रुग्णालयात मिळणारी जुनी औषधेही कधीकाळी कुठल्यातरी बशीतूनच आली आहेत, एक तर स्पंजातून आले आहे. पण ती तिथून इथवर यायला वर्षे लागली. तोवर हाती असलेला उपचार, ठरलेली तारीख आणि डॉक्टरांनी सांगितलेली पुढची फेरी चुकवायची नाही. नव्या औषधाची वाट बघत घरी थांबलेल्या माणसाची गाठ मात्र थांबत नाही, एवढेच मी त्यांना दर वेळी सांगतो.